अठ्ठावन्न किलोची गोणी

राहनाळ, भिवंडी
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आक्कांस,
केसरीनाथचा नमस्कार, गुडघे वाकतात तेवढा वाकून.

फराळाचा डबा पोचला. चौलपासून इथपर्यंत येऊनही एक करंजी फुटली नव्हती. मेघालीने दोन दिवसांत सगळ्या फस्त केल्या आणि वर "आईच्या हातची चव आहे" म्हणाली. काशी जाऊन नऊ वर्षं झाली, पण धाकट्या बहिणीच्या घरी डबा पाठवायचं तुम्ही एकदाही चुकवलं नाहीत. कानाचं मशीन लावता की अजून कपाटातच आहे? फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि मी काय बोललो ते तुम्हाला कळलेलं नसतं. म्हणून महत्त्वाचं असलं की मी पत्र लिहितो.

तर महत्त्वाचं असं की मी मोटरसायकल घेतोय. म्हणजे घेतली नाही अजून, जोखतोय. जूनमध्ये काल्हेरच्या गोदामातली ड्युटी संपली. जन्मभर दुसऱ्यांचा माल कुठे कुठे जातो ते बघत बसलो, आता म्हटलं आपण जाऊन बघावं.

मेघालीच्या ऑफिसात अनिमेष म्हणून एक मुलगा आहे, काल्हेरच्या नव्या टॉवरमध्ये राहतो. त्याची गाडी. त्याला बाळ झालं, म्हणून त्याला आता मोटरकार हवी आहे. तुम्ही डोळ्यांसमोर आणाल तशी ही गाडी नव्हे बरं का. मी आणि काशी ज्या फटफटीवर दत्तजत्रेला यायचो ना, तशा तीन एकीवर एक रचल्या तर हिचं वजन भरेल. लांबच्या प्रवासासाठीच केलेली. दोन्ही बाजूंना पेट्या, मागे आणखी एक मोठी पेटी. आणि आक्का, हिला रिव्हर्स गिअर आहे! मोटरसायकलला! राहनाळच्या नाक्यावर मी ती मागे घेऊन दाखवली तर चहावाल्याने गाळणी हातात धरून बाहेर येऊन बघितलं.

सगळ्यात मोठी गंमत मागच्या बाजूला आहे. मागे सीट नाही, खुर्ची आहे. पाठीला उशी, हात टेकायला जागा, धरायला दोन्हीकडे लोखंडी कड्या. चालवणाऱ्यापेक्षा मागे बसणाऱ्याची बडदास्त जास्त.

आता खोट सांगतो. टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण टायर कधी बनला ते त्याच्या कडेला आकड्यांत छापलेलं असतं. ते वाचलं तर म्हातारे निघाले दोन्ही. गाडी फिरली कमी आणि उभी जास्त राहिली. उभ्या गाडीचं माणसासारखंच, वरून झकपक आणि आतून सांधे धरलेले. टायर, बॅटरी, ब्रेकचं तेल सगळं नवं घालावं लागणार. दुसरी गोष्ट वजनाची. चालायला लागली की लोण्यासारखी जाते, थांबली की सगळा भार आपल्या पायांवर. मागे माणूस असलं तर तेही आपल्याच पायांवर. माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेतच.

मागे कोणी बसलं की एक बटण दाबून मागची स्प्रिंग घट्ट करायची असते. किती घट्ट, ते मागच्याच्या वजनावर. ते बघायचं म्हणून मी तांदळाची पन्नासची गोणी घेतली, तीत आठ किलो वर टाकून अठ्ठावन्नची केली, तोंड शिवलं आणि खुर्चीत बसवून ट्रकवर माल आवळतात तशी दोराने आवळली. आमचा मेकॅनिक सावळाराम म्हणाला, "दादा, हिला हेल्मेट घाल, न्हायतर पोलीस धरंल." तसा शेलार गावापर्यंत जाऊन आलो. जाताना गोणी शहाण्यासारखी बसली. येताना एका स्पीडब्रेकरवर शिवण उसवली. मला पत्ता नाही. नाक्यावर पोचून मागे बघतो तर रस्त्यावर तांदळाची रांगोळी आणि तिच्यावर निम्म्या गावाच्या कोंबड्या.

स्प्रिंगचा अंदाज मात्र आला. पण गोणी वळणावर झुकत नाही की धक्का बसला तर ओरडत नाही, त्यामुळे पुरतं काही कळलं नाही. सावळारामला मी मागच्या चाकाला साडी गार्डही बसवायला सांगितलं आहे. पेटीमुळे गरज नाही म्हणतो तो, पण असलेलं बरं.

घेऊ का, आक्का? अनिमेष महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहे. तुमच्या होकाराशिवाय घ्यायची नाही असं मी ठरवलंय. काशी गेल्यावर जुनी गाडी विकली आणि तेव्हापासून जत्रेला एसटीनेच येतो. यंदा जमलं तर गाडीवरून येईन म्हणतो.

उत्तर लिहा.

आपला,
केसरीनाथ

ता.क. हे पत्र उद्या सकाळी मीच पोस्टात नेऊन टाकतो. मेघाली म्हणते मी टाकते, पण नको.

*

चौल
शनिवार, ८ नोव्हेंबर

केसरीनाथ,
आशीर्वाद. इथे सगळं ठीक. मशीन कपाटातच आहे, ते लावलं की कानात कुकर शिटी देतो.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा गाडीसाठी, एकदा गोणीसाठी.

मी जन्मभर तांदूळ भरते. पन्नासची गोणी पन्नासची असते. उगाच आठ किलो वर टाकून तिला शिवत बसायला तू काही वेडा नाहीस. मग अठ्ठावन्न कोणाचे? तुझे नाहीत, तू पंच्याहत्तरच्या खाली कधी नव्हतास. मेघालीचे नाहीत, ती पोर फुंकलं तर उडेल. काशीचे म्हणावेत तर काशी बाळंतपणातसुद्धा पन्नाशीला पोचली नाही. तिला मी वाढवलंय, मला सांगू नकोस.

आणि गोणी साडी नेसते काय रे? गार्ड कशाला हवा तिला?

मला ऐकू कमी येतं. वाचता नीट येतं. मेघालीला कोणाकडून तरी फोन लावून विचारता आलं असतं, पण मुद्दाम नाही विचारलं. तुझ्याकडूनच हवं आहे. गाडीचं नंतर बघू.

काशीची,
आक्का

*

राहनाळ, भिवंडी
रविवार, १६ नोव्हेंबर

तीर्थरूप आक्कांस,
नमस्कार. आज जास्तच वाकून.

इथे थंडी पडायला लागली आहे. वाल पेरून झाले. मागच्या दाराचा पत्रा बदलला. सावळारामच्या म्हशीला पारडू झालं.

आता लिहायला दुसरं काही उरलं नाही, तेव्हा लिहितो.

तिचं नाव सुमती. भिवंडीच्या पोस्टात काउंटरवर असते. ब्राह्मण आळीत घर आहे, वडील मास्तर होते. आईवडिलांचं करता करता लग्न राहून गेलं, हे ती स्वतःच सांगते, आणि बस चुकली हे सांगावं इतक्या सहज सांगते. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. डोक्याने बरीच मोठी.

आणि आक्का, रागावू नका, पण हे तुमच्यामुळे झालं. तुम्हाला पत्र टाकायला मी महिन्यातून एकदा पोस्टात जातो. पहिल्यांदा तिने विचारलं, "पिनकोड?" मी म्हटलं, "आक्का म्हटलं की पोचतं." ती हसली नाही. पेन काढलं आणि पाकिटावर पिनकोड लिहून टाकला. तेव्हापासून मी ती जागा रिकामीच ठेवून न्यायला लागलो. पहिली दोन वर्षं मला खरंच तो येत नव्हता. नंतर येत होता.

हळूहळू ती विचारायला लागली. चौलला कोण असतं? आक्कांचे कान कसे आहेत? करंज्या पोचल्या का? तुमचं उत्तर आलं की ते मी तिला वाचून दाखवतो. मागे तुम्ही लिहिलं होतंत ना, सरपंचाच्या बोकडाने ग्रामसभेची नोटीस खाल्ली म्हणून? ते ऐकून ती काउंटरच्या खाली वाकून हसली होती. त्या दिवशी मी घरी चालत आलो. रिक्षा करायची असते हेच विसरलो.

आता अठ्ठावन्नचं. स्प्रिंगसाठी वजन तर हवं होतं, आणि बाईमाणसाला वजन विचारायचं कसं? चार दिवस चकरा मारल्या. शेवटी काउंटरवर वाकून विचारलंच, "तुमचं वजन किती हो?"

मागे रांग लागलेली. तिने शिक्के मारता मारता, मान वर न करता विचारलं, "कुठे पाठवायचंय?"

मी म्हटलं, "चौलला."

तेव्हा मान वर केली. हातातला शिक्का खाली ठेवला. मग म्हणाली, "अठ्ठावन्न. पण वरती 'नाजूक वस्तू' असं लिहावं लागेल." माझ्या मागे एक लूमवाला उभा होता, तो म्हणाला, "चचा, पार्सल हो गया तो हटो ना." मी हटलो. बाहेर पायरीवर येऊन बसलो आणि एकटाच हसत राहिलो. मी तिला मागणी कशी घालायची याची वर्षभर तयारी करत होतो, आणि ती अशी घातली गेली.

गेल्या रविवारी गोणीच्या जागी तिला बसवलं. पंजाबी ड्रेस, मेघालीचं हेल्मेट, आणि चेहऱ्यावर पहिलीतल्या मुलीचा उत्साह. बसताना तिने विचारलं, "धरायचं कुठे?" मी म्हटलं, "बाजूला कड्या आहेत, त्या धरा." तिने धरल्या.

काल्हेरच्या रस्त्यावर पहिलंच वळण आलं. मी गाडी डावीकडे झुकवली आणि ही घाबरून उजवीकडे कलली. गाडी वळेचना. गोणी परवडली, निदान तिला स्वतःचं मत नव्हतं. गाडी बाजूला घेऊन समजावलं, वळण ज्या बाजूला असेल त्या बाजूच्या माझ्या खांद्यावरून पुढे बघायचं, म्हणजे अंग आपोआप तिकडे झुकतं. पुढच्या वळणाला तिने बघितलं. काय सांगू आक्का, मागे कोणी आहे असं वाटलंच नाही. म्हणजे होतं, पण गाडी आणि आम्ही एकच. अनिमेष उगाच एवढं कौतुक करत नव्हता.

मग पडलो. घाबरू नका, हळू पडलो. गोदामाच्या गेटपाशी एक ट्रक अचानक मागे यायला लागला, मी थांबलो आणि डावा पाय नेमका खडीवर पडला. पाय सरकला. एवढं वजन कलायला लागलं की काही करता येत नाही, फक्त बघत राहायचं. पुढे इंजिनला आणि मागे पेट्यांना लोखंडी दांडे आहेत, गाडी त्यांवर टेकली म्हणून आमचे पाय वाचले. सुमती उठली, धूळ झटकली आणि म्हणाली, "पार्सल पडलं, पण फुटलं नाही." गेटवरचे हमाल धावत आले. सगळे माझ्या हाताखाली काम केलेले. गाडी उभी करता करता प्रत्येक जण आधी तिच्याकडे बघत होता, मग माझ्याकडे. संध्याकाळपर्यंत सगळ्या राहनाळला कळलं होतं. वाऱ्याने चौलला पोचायच्या आत पत्राने पोचावं म्हणून लिहितोय.

एक गोष्ट राहिली, ती लिहायचं मी टाळतोय. खांद्याचं. काशी माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवून बसायची, तुम्ही अंगणातून बघितलंच आहे. तिचा हात अजून तिथे आहे असं काही मला वाटत नाही, एवढा मी भ्रमिष्ट नाही. पण त्या दिवशी सुमतीने "कुठे धरायचं" विचारलं आणि माझ्या तोंडून कड्याच बाहेर पडल्या. तिने का म्हणून विचारलं नाही. तिला कळलं, हे मला कळलं. तेव्हापासून मनात ते खुपतंय.

आम्ही लग्न करायचं म्हणतोय. नोंदणीचं, साधं. मेघाली तर एवढी खूश आहे की माझ्यासाठी गाडी शोधायचा उद्योग तिचाच. सुमतीने एकच विचारलं, "चौलला विचारलंत का?" मी म्हटलं, विचारतो.

तर विचारतो, आक्का. तुम्ही नाही म्हणालात तर मला वाईट वाटणार नाही असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. फार वाईट वाटेल. तरी तुमच्या मनाविरुद्ध काशीच्या माहेरी तिला आणणार नाही. आणि तुमच्या अंगणात आणता येणार नसेल तर ती गाडी मला नको. ती मी त्याच एका रस्त्यासाठी घेतोय.

बाकी मी आनंदात आहे. नऊ वर्षांनी आनंदात आहे, ते तुमच्यापासून लपवून ठेवणं मला जमत नव्हतं, म्हणून ते गोणीतून सांडलं.

या पाकिटावर पिनकोड मीच लिहिलाय. असलं पत्र तिच्यासमोर नेऊन कसं धरणार? चुकला असेल तरी पोचेल.

उत्तराची वाट बघणारा,
केसरीनाथ

*

चौल
रविवार, २३ नोव्हेंबर

केसरीनाथ आणि सुमती,

दोघांनाही आशीर्वाद. हे पत्र एकट्याने वाचायचं नाही. केसरीनाथ, आधी पोस्टात जा, रांगेत उभा राहा आणि मग फोड.

तुझा पिनकोड चुकला होता. पत्र उशिरा आलं. आजपासून तिच्याकडूनच लिहून घेत जा. मी आपली समजत होते की वय झाल्यावर तुझे आकडे सुधारले. शेजारच्या रूपाला कौतुकाने दाखवलेही होते, बघ आमच्या जावयाचं शून्य कसं गोल येतं म्हणून. आता तिला काय सांगू?

पत्र वाचून दोन दिवस मी रागावले होते. लग्नाचा राग नाही. तू इतकी वर्षं पोस्टात काय करत होतास ते सोडून मला पत्र्याचं आणि पारडाचं लिहीत राहिलास, त्याचा राग. माणूस आनंदात असलं तर ते कळवायला काय मुहूर्त लागतो?

तिसऱ्या दिवशी काशीच्या फोटोपुढे बसले आणि तुझं पत्र मोठ्याने वाचलं. माझं मला ऐकू आलं नाही, तिला आलं असेल. "कुठे पाठवायचंय" पाशी आले आणि मला इतकं हसू आलं की रूपा धावत आली, म्हातारीला काही झालं की काय म्हणून. तिलाही वाचून दाखवलं. तीही बसली हसत. मग आम्ही दोघी थोड्या रडलोही, पण ते हसता हसता, त्याचं मनावर घेऊ नकोस.

गाडी घे. टायर मात्र आधी नवे घाल, जुन्या रबरावर माझ्या माणसाला आणायचं नाही. खडीवर पाय टेकवायच्या आधी बघत जा. साडी गार्डचं लोखंड सावळारामला परत कर. सुमती, तू ड्रेस घालूनच ये, चौलला कोणी काही म्हणणार नाही, आणि म्हणालं तर मला ऐकू येत नाही. साडी मी इथे काढून ठेवली आहे. गुलबक्षी रंगाची आहे, काठ मोठा आहे. ती इथे आल्यावर नेस, देवळात जायच्या आधी तुझी ओटी भरायची आहे. जत्रा चार तारखेला सुरू होते. आदल्या दिवशी या. आणि परत जायच्या आधी त्या खुर्चीत मला बसवून रेवदंड्यापर्यंत एक फेरी मारायची. माझं वजन विचारायचं नाही. गोणी भरायची तर अंदाजाने भर.

आता कड्यांचं.

केसरीनाथ, काशी सात-आठ वर्षांची असताना मी तिला बाबांच्या सायकलवर डबलसीट घेऊन शाळेत सोडायची. तेव्हाही ती माझा डावा खांदाच धरायची. घट्ट, नखं रुतेपर्यंत. एकदा मी ओरडले, "एवढं धरतेस कशाला गं?" तर म्हणाली, "भ्या वाटतं, आक्का." एवढंच होतं ते. ती माझ्या मागून उठली आणि तुझ्या मागे येऊन बसली. माझा खांदा रिकामा झाला म्हणून मी तिच्यावर कधी रुसले नाही. उलट तुमची फटफटी अंगणात आली की आधी तिचा हात बघायची. तुझ्या खांद्यावर दिसला की मला बरं वाटायचं.

सुमती, पोयनाड सोडलं की पुढे कार्लेखिंड लागते. तिथे वळणावर वळणं आहेत. तिथे लोखंडाला धरून बसू नकोस. त्याचा डावा खांदा धर. भीती वाटली तर घट्ट धर, नाही वाटली तरी धर. मी अंगणात उभी असेन, आणि मला तुझा हात तिथेच दिसला पाहिजे.

पार्सल मिळाल्याची पोच मी तिथेच देईन.

काशीची आणि सुमतीची,
आक्का